व्हिडिओ एडिटिंगसाठी डेस्कटॉप जुळवताना: आधी फुटेज बघा, मग पार्ट निवडा

महागडं ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या मशीनवर टाइमलाइन अडखळते आणि त्याच्या निम्म्या ताकदीच्या मशीनवर तीच क्लिप सुरळीत चालते, असं एडिटिंगमध्ये सर्रास घडतं. कारण बहुतेक वेळा फाइलच्या पोटात असतं. म्हणून पार्टची यादी करायच्या आधी फाइल उघडून बघायची.

पायरी १: कॅमेऱ्यातून नेमकं काय निघतं ते तपासा

मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्राम टाका. नेहमीच्या कामातल्या पाच-सहा क्लिप त्यात ओढा आणि व्ह्यू मेनूतून ट्री निवडा. पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्या: फॉरमॅट, क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती राखली ते, जसं ४:२:० किंवा ४:२:२), बिट डेप्थ (रंगछटांची बारकाई, ८ किंवा १० बिट), बिट रेट (सेकंदाला किती मेगाबिट) आणि फ्रेम रेट मोड.

फॉरमॅटसमोर एव्हीसी दिसलं तर ते एच.२६४, एचईव्हीसी दिसलं तर एच.२६५. कॅमेरे आणि फोन हे दोन्ही फॉरमॅट बहुतेक वेळा अशा पद्धतीने लिहितात की एक फ्रेम पूर्ण साठवली जाते आणि पुढच्या फ्रेमांत काय बदललं एवढीच नोंद राहते. कर्सर मध्येच कुठे टाकला की सॉफ्टवेअरला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथून हिशोब करत पुढे यावं लागतं. क्लिप उलटी चालवून बघितली तर हाल विचारूच नका. फाइल लहान, पण उलगडायला जड. प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटांचं याच्या उलट आहे. तिथे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे प्रोसेसरला फारसे कष्ट पडत नाहीत, पण फाइल अवाढव्य होते आणि सगळा भार डिस्कवर जातो.

आता खरा घोळ: ४:२:२ आणि १० बिट. ४:२:० आणि ८ बिटचं एच.२६४ उलगडण्याची सोय आज जवळपास प्रत्येक ग्राफिक्स चिपमध्ये आहे. ४:२:० १० बिटचं एच.२६५ सुद्धा बहुतेक ठिकाणी सहज चालतं. ४:२:२ आलं की गाडी अडते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधली अंगभूत ग्राफिक्स चिप आणि इंटेलची आर्क कार्डं ४:२:२ १० बिटचं एच.२६५ हार्डवेअरमध्ये उलगडतात. एनव्हिडियाने ही सोय आरटीएक्स ५० मालिकेत दिली, आणि तीही एच.२६४ व एच.२६५ दोन्हींसाठी. ४० मालिकेपर्यंतच्या तिच्या कार्डांत ४:२:२ साठी काही नाही, मग कार्ड कितीही वरचं असो. एएमडीच्या आरएक्स ७००० मालिकेपर्यंतही तीच स्थिती आहे. अशा वेळी सगळं ओझं प्रोसेसरच्या कोअरवर येतं आणि चार कॅमेऱ्यांची मल्टिकॅम टाइमलाइन गुडघे टेकते.

एक उदाहरण घ्या. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत एक्सएव्हीसी एस आणि एक्सएव्हीसी एचएस असे दोन पर्याय मेनूत शेजारी-शेजारी असतात. पहिला एच.२६४, दुसरा एच.२६५. दोन्ही ४:२:२ १० बिटवर ठेवले आणि मशीन इंटेल अंगभूत ग्राफिक्सवर अवलंबून असलं, तर एचएसची क्लिप पाण्यासारखी चालते आणि एसची अडखळते. कॅमेऱ्याच्या मेनूत एक ओळ बदलून सुटणाऱ्या अडचणीसाठी लोक नवं मशीन घेतात.

फ्रेम रेट मोडसमोर 'व्हेरिएबल' दिसलं तर ते फोनचं किंवा स्क्रीन रेकॉर्डिंगचं फुटेज आहे. त्यात आवाज आणि ओठ हळूहळू वेगळे पडतात. त्यावर हार्डवेअर हा उपाय नाही. हँडब्रेक या मोफत प्रोग्राममध्ये स्थिर फ्रेम रेट निवडून फाइल आधी बदलून घ्या, मगच टाइमलाइनवर टाका.

पायरी २: जागेचा हिशोब मांडा

मेगाबिटला आठने भागलं की मेगाबाइट, म्हणजे एमबी प्रति सेकंद. त्याला ३.६ ने गुणलं की एका तासाचे जीबी. नेहमी लागणारे आकडे असे:

- १०० मेगाबिटचं कॅमेरा फुटेज: १२.५ एमबी प्रति सेकंद, तासाला ४५ जीबी
- २०० मेगाबिटचं: २५ एमबी प्रति सेकंद, तासाला ९० जीबी
- १०८० रिझोल्यूशनचं प्रोरेस प्रॉक्सी, ३० फ्रेम: ४५ मेगाबिट, तासाला साधारण २० जीबी
- यूएचडी (म्हणजे नेहमीचं ४के) प्रोरेस ४२२, ३० फ्रेम: ५८९ मेगाबिट, तासाला साधारण २६५ जीबी
- यूएचडी प्रोरेस ४२२ एचक्यू, ३० फ्रेम: ८८४ मेगाबिट, तासाला साधारण ४०० जीबी

तीन कॅमेऱ्यांवर दोन तासांची मुलाखत, १०० मेगाबिटने. एकूण सहा तास, म्हणजे २७० जीबी. प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) केल्या तर आणखी १२०. कॅशेला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइलींना, शंभर-दीडशे धरा. आवाजाच्या फाइली, ग्राफिक्स, एक-दोन मास्टर एक्स्पोर्ट मिळून पन्नास-साठ. एका साध्या मुलाखतीला ६०० जीबी लागले. अशी तीन कामं एका वेळी हातात असतील तर २ टीबीची कामाची डिस्क जेमतेम पुरते. त्यातही डिस्कच्या खोक्यावरचा टीबी दशमान पद्धतीचा असतो आणि विंडोज तो १०२४ च्या पटीत दाखवतं, त्यामुळे ४ टीबीची डिस्क ३.६३ दिसते. डिस्क खराब नाही, मोजमाप वेगळं आहे.

पायरी ३: प्रोसेसर

सॉफ्टवेअर कुठलं वापरता त्यावर निवड ठरते. प्रीमिअर आणि आफ्टर इफेक्ट्स प्रोसेसरवर जास्त रेलून असतात, दा विंची रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डवर. किमान ८ कोअर धरा, ४के मल्टिकॅम नियमित असेल तर १२ ते १६. त्यापुढे कोअर वाढवून नेहमीच्या एडिटिंगला फारसा फायदा होत नाही. रेड कंपनीच्या कॅमेऱ्यांसारखं रॉ फुटेज रोज हाताळणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

इंटेल घेत असाल तर नावाच्या शेवटी एफ किंवा केएफ असलेला प्रोसेसर टाळा. तो थोडा स्वस्त मिळतो, कारण त्यातली अंगभूत ग्राफिक्स चिप बंद केलेली असते. म्हणजे एडिटिंगसाठी ज्या क्विक सिंककरता (त्या चिपमधली व्हिडिओ उलगडण्याची सोय) इंटेल घ्यायचा, तेच नाही. वेगळं कार्ड बसवल्यावर काही मदरबोर्ड अंगभूत चिप आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यात) आयजीपीयू मल्टी-मॉनिटर नावाची सेटिंग चालू करा, मग ड्रायव्हर टाका. प्रीमिअरमध्ये प्रेफरन्सेसच्या मीडिया भागात हार्डवेअर डिकोडिंगसमोर इंटेल आणि एनव्हिडिया असे वेगवेगळे चौकोन दिसतात, ते बघून घ्या. रिझॉल्व्ह स्टुडिओत हेच प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमखाली डिकोड ऑप्शन्समध्ये आहे. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की तिच्यात ही हार्डवेअरची मदत मर्यादित आहे आणि टाइमलाइन यूएचडीच्या वर जात नाही. मशीनवर आणखी खर्च करण्याआधी स्टुडिओचं लायसन्स घेतलं तर कित्येकदा तेवढ्यानेच काम भागतं.

१३व्या किंवा १४व्या पिढीचा इंटेल डेस्कटॉप प्रोसेसर, विशेषतः वापरलेला, घेत असाल तर सावध. वाढीव व्होल्टेजमुळे या पिढ्यांतले वरचे प्रोसेसर अस्थिर होत होते. २०२४ मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कोडची दुरुस्ती) दिला आणि तो बायोस अपडेटमधून येतो. पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने सुधारत नाही. लांबलचक एक्स्पोर्ट अधूनमधून विनाकारण कोसळत असेल तर हेही एक कारण असू शकतं.

पायरी ४: ग्राफिक्स कार्ड आणि व्हीरॅम

एडिटिंगसाठी कार्डाचा वेग दुय्यम, व्हीरॅम (कार्डावरची स्वतःची मेमरी) आधी. यूएचडीच्या एका फ्रेममध्ये ८२,९४,४०० पिक्सेल असतात. रिझॉल्व्ह ती फ्रेम ३२ बिट फ्लोटमध्ये हाताळतं, म्हणजे चार चॅनेल, प्रत्येकी ४ बाइट. गुणाकार केला की एक फ्रेम सुमारे १३३ एमबीची होते. कॅमेऱ्यातल्या फाइलमध्ये तीच फ्रेम अर्ध्या एमबीहूनही लहान होती. टेम्पोरल नॉइज रिडक्शन (शेजारच्या फ्रेम बघून दाणे काढणं) लावलं आणि त्याने मागच्या-पुढच्या मिळून पाच फ्रेम धरून ठेवल्या की एका नोडला (कलरच्या एका टप्प्याला) साडेसहाशे एमबी गेले. असे चार-पाच नोड, वर एखादा ब्लर, शेजारी ब्राउझर उघडा, आणि ८ जीबीच्या कार्डावर 'जीपीयू मेमरी भरली' हा संदेश येतो.

त्यामुळे १०८० आणि साध्या ४के कटिंगला ८ जीबी, ४केवर कलर आणि नॉइज रिडक्शन करणाऱ्यांना १२ ते १६, आणि ६के-८के किंवा फ्यूजन या रिझॉल्व्हमधल्या इफेक्ट्सच्या भागातल्या जड कामाला २४. दोन कार्डांत अडकलात, एक वेगवान पण ८ जीबीचं आणि दुसरं जरा संथ पण १६ जीबीचं, तर दुसरं घ्या. संथ कार्ड एक्स्पोर्टला दहा मिनिटं जास्त घेईल, भरलेलं कार्ड एक्स्पोर्टच होऊ देणार नाही.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गेम रेडीऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर ठेवा, आणि काम अर्ध्यावर असताना ड्रायव्हर बदलू नका.

पायरी ५: रॅम

१०८० साठी १६ जीबी पुरते, ४केला ३२, आफ्टर इफेक्ट्स उघडं ठेवणाऱ्यांना ६४. आफ्टर इफेक्ट्सचा प्रिव्ह्यू रॅममध्ये साठतो. यूएचडीत १६ बिटची एक फ्रेम ६६ एमबीची, २४ फ्रेमने दहा सेकंद म्हणजे २४० फ्रेम, जवळपास १६ जीबी. दहा सेकंदांना!

रॅम दोन पट्ट्यांत घ्या, चारांत नको. डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या लावल्या की वेग खाली येतो. रायझन ७००० साठी एएमडीने जाहीर केलेला वेग दोन पट्ट्यांना ५२०० आहे, चारांना ३६००. 'आत्ता दोन लावू, पुढे आणखी दोन घालू' हा जुना हिशोब इथे अंगाशी येतो. ६४ लागणार असं वाटत असेल तर ३२ च्या दोन पट्ट्या आत्ताच घ्या. चार खाचांच्या बोर्डावर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात, तरी मदरबोर्डच्या पुस्तिकेत एकदा बघून घ्या. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (पट्टीचा जाहीर वेग लागू करणारी सेटिंग) चालू केलं नाही तर पट्ट्या मूळ, कमी वेगाने चालत राहतात, आणि महिनोनमहिने कुणाला पत्ता लागत नाही.

नव्या डीडीआर५ मशीनचा पडदा पहिल्यांदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. घाबरून बटण दाबून बंद करू नका.

पायरी ६: साठवण

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून.

वेगाचे ढोबळ आकडे आधी. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सलग वाचताना साधारण १५० ते २८० एमबी प्रति सेकंद देते. साटा (वायरने जोडायची) एसएसडी ५५० पर्यंत, पीसीआयई ३.० ची एनव्हीएमई (थेट मदरबोर्डच्या खाचेत बसणारी एसएसडी) ३५००, ४.० ची ७००० च्या आसपास. ५.० ची त्याहून कितीतरी वेगवान, पण गरम होते आणि एडिटिंगमध्ये ४.० आणि ५.० मधला फरक फाइल कॉपी करतानाच काय तो दिसतो. वरच्या यादीतलं सगळ्यात जड प्रोरेससुद्धा सेकंदाला ११० एमबी मागतं. तिथे १४००० घेऊन करायचं काय?

मग हार्ड डिस्कवर तीन कॅमेऱ्यांचं हलकं फुटेज का अडखळतं? तीन प्रवाह मिळून ३७.५ एमबी, डिस्कची क्षमता त्याच्या किमान चौपट. कारण तो वेग सलग वाचनाचा आहे. तीन फाइली डिस्कवर तीन ठिकाणी असतात, हेडला एकीकडून दुसरीकडे उडी मारायला दर वेळी काही मिलिसेकंद लागतात, आणि त्यात वेव्हफॉर्म, थंबनेल, कॅशे यांची ये-जा सुरू असतेच. कान लावलात तर डिस्कची कुरकुर ऐकू येते. एसएसडीत फिरणारं काही नाही, म्हणून ती साटाची असली तरी या कामात हार्ड डिस्कला मागे टाकते. शिवाय हार्ड डिस्क भरत जाते तशी आतल्या वर्तुळांवर येते, आणि तिथला वेग बाहेरच्या वर्तुळांच्या निम्म्यावर येतो.

मांडणी अशी करा:

१. विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी ५०० जीबी ते १ टीबीची एनव्हीएमई.
२. चालू कामाच्या फुटेजसाठी २ टीबी किंवा मोठी एनव्हीएमई, टीएलसी प्रकारची (एका पेशीत तीन बिट साठवणारी).
३. कॅशे आणि प्रिव्ह्यूसाठी वेगळी १ टीबी एसएसडी. साटाचीही चालेल.
४. संपलेल्या कामांसाठी मोठी हार्ड डिस्क.
५. तेवढीच मोठी दुसरी डिस्क, मशीनच्या बाहेर.

पैसे कमी पडत असतील तर तिसरी गाळा आणि कॅशे पहिल्या डिस्कवर ठेवा, फुटेज मात्र वेगळंच. कॅशेची जागा सॉफ्टवेअर आपणहून सी ड्राइव्हवर धरतं. प्रीमिअरमध्ये प्रेफरन्सेस, मीडिया कॅशे इथे ती बदलता येते आणि जुन्या फाइली आपोआप काढायची मुदतही घालता येते. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जच्या मास्टर सेटिंग्जमध्ये खाली वर्किंग फोल्डर्स आहेत. हे न केल्यास सी ड्राइव्ह गुपचूप भरते आणि एक दिवस विंडोजच रांगायला लागतं.

एसएसडी विकत घेताना खोक्यावरच्या वेगावर जाऊ नका. तो वेग एसएलसी कॅशेचा, म्हणजे आतल्या छोट्या वेगवान भागाचा असतो. क्यूएलसी प्रकारच्या (पेशीत चार बिट) स्वस्त एसएसडीवर ३०० जीबीचं फुटेज ओता आणि कॉपीचा आलेख बघत बसा: सुरुवातीला सेकंदाला दोन हजार एमबी, राहिलेला वेळ अडीच मिनिटं. ती कॅशे भरली की आलेख कड्यावरून पडल्यासारखा शंभर-दीडशेवर येतो आणि अडीच मिनिटांची चाळीस होतात. डिस्क जितकी भरलेली, तितकी ही कॅशे लहान. कामाच्या डिस्कसाठी म्हणून टीएलसी, शक्यतो स्वतःची डीरॅम असलेली, आणि नेहमी १५-२० टक्के जागा रिकामी. टिकाऊपणाची काळजी लोक उगाच करतात. १ टीबीच्या टीएलसी डिस्कला ६०० टीबी लिखाणाची हमी सर्रास असते, म्हणजे रोज ३०० जीबी लिहिले तरी पाच वर्षांहून जास्त.

हार्ड डिस्क घेताना सीएमआर आहे की एसएमआर हे कंपनीच्या तपशीलपत्रात शोधा. एसएमआरमध्ये माग एकमेकांवर अर्धवट चढवलेले असतात, त्यामुळे थोडंसं बदलायचं तरी शेजारचा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. एकदा भरून कपाटात ठेवायला ती चालेल. रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत, कॅमेऱ्याच्या कंपनीशी संबंध नाही) ती नकोच, एक डिस्क बदलून पुन्हा भरणी करताना दिवसचे दिवस जातात किंवा कंट्रोलर तिला बाद ठरवतो.

रेडबद्दल थोडक्यात. रेड ० मध्ये दोन डिस्कचा वेग एकत्र मिळतो आणि एक गेली की सगळं जातं. रेड १ मध्ये दोन्हींवर तेच. रेड ५ मध्ये एक डिस्क गेलेली चालते. यातलं एकही बॅकअप नाही. चुकून पुसलेलं फोल्डर रेड १ मधल्या दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसलं जातं. बॅकअप म्हणजे ३-२-१: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. आणि बॅकअपला लागणारा वेळही मोजा. ८ टीबी डिस्क १८० एमबीच्या वेगाने भरायला सव्वाबारा तास लागतात, साध्या एक गिगाबिट नेटवर्कवरून वीस.

रिझॉल्व्हवाल्यांसाठी एक खाचखळगा. प्रोजेक्ट तुमच्या फुटेजच्या फोल्डरमध्ये नसतो, तो सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असतो. सगळं फुटेज दोन डिस्कवर नीट जपून ठेवलंय आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट झाल्यावर टाइमलाइनच नाही, असं होतं. प्रोजेक्ट मॅनेजरमधून डेटाबेसचा (नव्या आवृत्त्यांत त्याचं नाव प्रोजेक्ट लायब्ररी) बॅकअप घ्या, आणि काम संपलं की डीआरपी फाइल एक्स्पोर्ट करून फुटेजशेजारी ठेवा.

कार्डवरून कॉपी करताना कार्ड रीडर बघा. यूएचएस-१ चा साधा रीडर १०४ एमबीच्या पुढे जात नाही, यूएचएस-२ ला ३१२ पर्यंत वाव आहे. यूएचएस-२ कार्ड जुन्या रीडरमध्ये घातलं तर चालतं, पण हळू वेगाने. दोन ठिकाणी प्रती होऊन काही क्लिप उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

बाहेरच्या डिस्कचं फॉरमॅट: फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, मॅकशी देवाणघेवाण असेल तर एक्सफॅट. एक्सफॅटला जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय) नाही, वायर मध्येच ओढली तर फोल्डर गमवायची शक्यता जास्त. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तेव्हा तो विषयच सोडा. आणि एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची वस्तू नाही. संग्रहासाठी हार्ड डिस्क, तीही सहा महिन्यांतून एकदा फिरवून बघायची.

पायरी ७: मदरबोर्ड

किती खाचा आहेत यापेक्षा त्या कुणाच्या वाट्यावर आहेत ते महत्त्वाचं. पुस्तिकेतलं एम.२ चं (एनव्हीएमई बसते त्या खाचांचं) पान वाचा. 'ही खाच वापरल्यास साटा ५ आणि ६ बंद', 'ही खाच वापरल्यास ग्राफिक्स कार्ड आठ लेनवर', अशा तळटीपा तिथे बारीक अक्षरांत असतात. नवी एनव्हीएमई बसवली आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली, याचं मूळ बहुतेक वेळा हेच. कामाची डिस्क थेट प्रोसेसरला जोडलेल्या खाचेत बसवा. बाकी खाचा, साटा, यूएसबी आणि नेटवर्क चिपसेटमार्फत (मदरबोर्डवरची जोडणी सांभाळणारी चिप) जातात, आणि चिपसेट ते प्रोसेसर हा रस्ता सगळ्यांत वाटला जातो.

एम.२ ची डिस्क हीटसिंकखाली बसवताना थर्मल पॅडवरचं पातळ प्लास्टिक काढायला विसरू नका. ते राहिलं की डिस्क तापते, मोठ्या कॉपीत मध्येच मंदावते, आणि दोष एसएसडीला जातो.

पायरी ८: वीज आणि गारवा

ग्राफिक्स कार्डाचे वॉट, प्रोसेसरचे कमाल वॉट आणि बाकी सगळ्याचे १०० अशी बेरीज करा. २२० चं कार्ड, २५० चा प्रोसेसर, एकूण ५७०. त्यावर ७५० चा किंवा ८५० चा, ८० प्लस गोल्डचा पॉवर सप्लाय. क्षणिक झटके कार्डाच्या लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरेच वर जातात, म्हणून ही फट लागते.

एका मॉड्युलर सप्लायच्या वायरी दुसऱ्या सप्लायला कधीही लावू नका, एकाच कंपनीचे असले तरी. डिस्कच्या बाजूचं टोक सारखं असतं, सप्लायच्या बाजूच्या पिनांची रचना वेगळी असू शकते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की सगळ्या डिस्क एका क्षणात जळतात. १६ पिनांचा कनेक्टर असलेल्या कार्डात तो टिचेपर्यंत पूर्ण बसवा आणि तोंडाशीच वाकवू नका, अर्धवट बसलेले कनेक्टर वितळल्याची उदाहरणं जगजाहीर आहेत.

एडिटिंगचा ताण गेमपेक्षा वेगळा, एक्स्पोर्ट तासन्‌तास सलग चालतो. पुढून जाळी असलेली केस, दोन पंखे आत घेणारे, एक मागे बाहेर टाकणारा, आणि बऱ्यापैकी मोठा टॉवर कूलर एवढं पुरतं. हार्ड डिस्कच्या पुढ्यात एक पंखा असू द्या. यूपीएस घेताना व्हीएबरोबर वॉटही वाचा, १००० व्हीएचे यूपीएस कित्येकदा ६०० वॉटचेच असतात. लहर शुद्ध साइन हवी.

मॉनिटर: आयपीएस, एसआरजीबी पूर्ण, आणि वायर ग्राफिक्स कार्डाला. मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावून बसलेले लोक अजून सापडतात.

पायरी ९: जोडल्यावर लगेच काम सुरू करू नका

१. बायोस अपडेट करा, मग एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा.
२. मेमटेस्ट८६ चे चार फेरे रात्रभर. एकही चूक आली तर आधी एक्स्पो बंद करून पुन्हा बघा, तरीही आली तर पट्टी बदलून घ्या. खराब रॅम एक्स्पोर्टमध्ये एखादी हिरवी फ्रेम सोडून जाते आणि ती क्लायंटला आधी दिसते.
३. क्रिस्टलडिस्कमार्कने प्रत्येक डिस्कचा वेग. चौपट कमी आला तर खाच चुकली आहे.
४. तासाभराचा खरा एक्स्पोर्ट, शेजारी एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान.

नंतर कधी टाइमलाइन अडखळली तर टास्क मॅनेजर उघडून क्लिप चालवा. प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डिकोड शून्यावर, म्हणजे फॉरमॅटला हार्डवेअरची मदत नाही: प्रॉक्सी करा. डिस्कचा ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के, तर फुटेज एसएसडीवर हलवा. डेडिकेटेड जीपीयू मेमरी काठोकाठ, तर टाइमलाइनचं रिझोल्यूशन उतरवा किंवा नॉइज रिडक्शन रेंडर करून घ्या.

महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. हार्ड डिस्कच्या यादीत ०५ आणि सी५ या ओळींचे रॉ आकडे शून्यावरून हलले की त्याच दिवशी डेटा उतरवून घ्या. सी७ वाढत असेल तर डिस्क फेकायची घाई नको, आधी साटाची वायर बदलून बघा.